लांडग्याच्या पोटातला आवाज

डबा टेबलावर तसाच ठेवून घराबाहेर पडायचं, एवढीच एक बाणेदार गोष्ट नटवर्यांनी त्या दिवशी सकाळी केली. पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

'नटवर्य' हे नाव त्यांना मेहुण्यानं ठेवलं होतं आणि ते कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. मेहुण्याचं नळ, शॉवर आणि वॉशबेसिनचं मोठं दुकान होतं. दुकानाला काउंटरवर एक माणूस हवा होता, आणि मेहुण्याच्या मते नात्यात रिकामा माणूस एकच होता. नटवर्य गेली अठरा वर्षं एका बालनाट्यात लांडगा करत होते. त्याआधी ते मोठ्यांच्या नाटकांत गंभीर भूमिका करायचे. पण मोठी माणसं रडण्यासाठी तिकीट काढत नाहीत, ती सोय त्यांना घरीच असते. लांडगा मात्र टिकला होता. आता तोही आचके देत होता. महिन्या-दोन महिन्यांतून एखादा प्रयोग, तोही कुणाच्या तरी ओळखीनं.

भांडणाचा पहिला अंक आदल्या रात्रीच झाला होता.

"दादा म्हणतोय, पहिल्या तारखेपासून या," ताट वाढता वाढता बायको म्हणाली होती.

"उद्या महोत्सवात प्रयोग आहे."

"तो दर वर्षी असतो."

"उद्या निवड समिती बसणार आहे. त्यांनी नाटक निवडलं तर वर्षभर शाळाशाळांतून दौरा. रोज प्रयोग."

"आणि नाही निवडलं तर?"

या प्रश्नावर नटवर्य भरल्या ताटावरून उठले होते. दुपारचं खाल्लेलं तेवढंच पोटात होतं. सकाळी दुसरा अंक सुरू झाला.

"अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? पोरं आता घाबरत नाहीत तुम्हाला. परवा शेजारची चिमुरडी तुमच्या दाढीला लोंबकळत होती."

"ती ओळखीची आहे."

"मी दादाला हो म्हणून टाकलंय."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

बायकोच्या बोलण्यावर नटवर्यांना कधीच उत्तर सापडत नसे. संवाद दुसऱ्यानं लिहून द्यायची सवय लागली की असं होतं. तरी दारात उभं राहून त्यांनी एक वाक्य स्वतःचं जुळवलं. "आज निवड झाली नाही, तर मी आपण होऊन तुझ्या दादाकडे जाईन आणि मरेपर्यंत नळ विकीन. पण आजचा दिवस मी लांडगा आहे."

"बरं, डबा तरी न्या लांडगोबा."

"नको. उपाशी नटच खरा नट."

हे वाक्यही त्यांचं स्वतःचंच होतं, आणि बसथांब्यापर्यंत पोचेतो त्यांना त्याचा पश्चात्ताप झाला. ते मुकाट्यानं माघारी फिरले. दाराशी आले, कडीला हात घालणार, तोच आतून बायकोचा फोनवरचा आवाज आला. "हो रे दादा, येतील. निवड कसली होतेय! तू दुकानाचा टाय तेवढा त्यांच्या मापाचा आण." नटवर्यांनी कडीवरचा हात काढून घेतला. डबा तिथून चार पावलांवर होता, पण आता मध्ये टाय आला होता.

आभाळ सकाळपासून तोंड पाडून बसलं होतं. नाट्यगृहाबाहेर शाळांच्या गाड्या लागल्या होत्या आणि हाताला हात धरून मुलांच्या रांगा आत चालल्या होत्या. बाल आणि युवा नाट्यमहोत्सवाचा तो तिसरा दिवस. भिंतींवर पुठ्ठ्याचे सूर्य डकवले होते, त्यातले दोन गळून जिन्यात पडले होते आणि येणारं-जाणारं त्यांच्यावर पाय देत होतं. नटवर्य थेट कॅन्टीनमध्ये गेले.

"कलाकारांचं जेवण प्रयोगानंतर," कॅन्टीनवाला म्हणाला.

"एखादं बिस्कीट?"

"बिस्किटं मुलांची आहेत."

"शंभर पुडे दिसतायत."

"शंभर मुलं आहेत. आणि साहेब, मागच्या वर्षी एका राक्षसानं चार पुडे नेले होते. तेव्हापासून आयोजकांनी ताकीद दिलीय."

लांडग्याला राक्षसाच्या पापाची फळं भोगायची असा हा न्याय होता. नटवर्य पाणी पिऊन रंगपटात आले. तिथं मालक आधीच झाडात शिरून बसले होते. नाटक मालकांनी लिहिलं होतं, बसवलं होतं आणि त्यातला म्हातारा वटवृक्षही तेच करत. झाडाच्या ढोलीला तोंडापुरतं भोक होतं; प्रयोगभर ते त्यातून मुलांना गोष्ट सांगत आणि नटांना शिव्या देत.

"किती उशीर! आज उन्नीस-बीस झालं तर खेळ खलास, कळतंय ना?" झाड म्हणालं. "लाव तो जबडा."

जबडा रबराचा होता आणि तो गालांना डिंकासारख्या चिकट रसायनानं चिकटवावा लागे. एकदा चिकटला की प्रयोग संपेपर्यंत निघत नसे. बोलता येई, चावता येत नसे. तो चिकटवून होतो न होतो तोच ससाबाई आल्या. ससाबाईंनी पन्नाशी कधीच ओलांडली होती आणि त्यांचे गुडघे त्यांच्याही पुढं गेले होते. पण कान लावले की अजूनही मुलं त्यांच्यावर जीव टाकत. त्यांच्या हातात केळं होतं.

"भाऊ, चेहरा काय असा? खाल्लं नाही का काही? घ्या, अर्धं घ्या."

नटवर्यांनी केळ्याकडे पाहिलं. मग आरशात आपल्या जबड्याकडे पाहिलं. "दोन मिनिटं आधी यायचं होतंत, बाई," ते म्हणाले. ससाबाईंनी हळहळत ते अर्धंही स्वतःच खाल्लं.

राहता राहिला माइक. महोत्सवानं यंदा प्रत्येक नटाला अंगावर माइक लावायची सक्ती केली होती. अठरा वर्षं नटवर्य शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्यावर पोचत होते, पण नियम तो नियम. साउंडचं काम मालकांच्या भाच्याकडे होतं. भाचा तिशीचा, हसतमुख; गाडी चालवायचा, साउंड बघायचा आणि उरलेल्या वेळात आरशासमोर उभा राहून गुरगुरायचा. त्यानं माइक छातीला लावून पाहिला, तर लांडग्याचे केस घासून खरखर येऊ लागली. गळ्याला लावला, तर जबडा आपटू लागला.

"खाली लावतो," भाचा म्हणाला आणि त्यानं माइक केसाळ कातड्याच्या आतून बरोबर पोटावर चिकटवला. "एकदम क्लिअर येतंय."

क्लिअर येत होतं यात शंकाच नव्हती.

नाटकाची गोष्ट सोपी होती. जंगलात लांडगा येतो. ससा लपतो, आधी पिंपामागं, मग गवताच्या गंजीत, मग झाडाच्या ढोलीत. लांडगा दर वेळी प्रेक्षकांतल्या मुलांना दरडावून विचारतो, "सांगा, ससा कुठाय?" आणि मुलं दर वेळी बेंबीच्या देठापासून ओरडतात, "पळाला! तिकडं पळाला!" असं करत करत लांडगा दमतो, खड्ड्यात पडतो आणि नाटक संपतं. थोडक्यात, मुलं खोटं बोलतात या एका विश्वासावर अख्खं नाटक उभं होतं. अठरा वर्षांत मुलांनी तो विश्वास एकदाही मोडला नव्हता.

पडदा उघडला. नटवर्य आतून ओरडले आणि उडी मारून रंगमंचावर आले. पुढच्या रांगेतली दोन मुलं एकमेकांना बिलगली. मागे कुणीतरी "आई गं!" म्हणालं. नटवर्यांना बरं वाटलं. अजून घाबरतायत. बायकोला म्हणावं, ये, बघ. पाचव्या रांगेत निवड समितीच्या बाई बसल्या होत्या. या बाई कधी हसत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. तीन दिवसांत चौदा विनोदी नाटकं बघूनही ती त्यांनी राखली होती.

मग आला तो क्षण, ज्याच्यावर नटवर्यांचा स्वतःचा जीव होता. लांडगा मध्यभागी येतो, थांबतो आणि एक शब्द न बोलता नुसता हवेत वास घेतो. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मोठ्या नाटकांतून आणलेली ती एकच चीज त्यांच्यापाशी उरली होती.

शांतता झाली, आणि त्या शांततेत नटवर्यांचं पोट बोललं.

पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो. पण कावळ्यांना चार कोपऱ्यांतले चार स्पीकर मिळाल्यावर काय होतं ते त्या दिवशी प्रथमच कळलं. आवाज खोलातून सुरू झाला, गडगडत वर आला, जरा रेंगाळला आणि शेवटी कुणी दार लोटावं तसा कुरकुरत विरला. मुलांना आधी वाटलं, लांडगा गुरगुरला. ती आणखी आक्रसून बसली. नटवर्यांनी देवाचे आभार मानले. तेवढ्यात पोटानं दुसरं वाक्य टाकलं. हे पहिल्यापेक्षा लांब होतं आणि त्यात गयावया होती.

"ए," तिसऱ्या रांगेतला एक दात पडलेला मुलगा म्हणाला, "ते त्याच्या पोटातून आलं."

"त्याला भूक लागलीय," त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली.

हे वाक्य रांगेरांगेनं मागं गेलं. भीती सभागृहातून उठून जाताना नटवर्यांना दिसली. बिलगलेली दोन मुलं सुटी झाली आणि पुढं झुकून लांडग्याच्या पोटाकडे बघू लागली.

"सांगा!" नटवर्य होता नव्हता तो आवाज लावून गरजले. "ससा कुठाय?"

कुणीच ओरडलं नाही. मग ती मुलगी उभी राहिली आणि आजाऱ्याशी बोलावं तशा हळू आवाजात म्हणाली, "पिंपाच्या मागे आहे."

"शू!" त्यांच्या शिक्षिका कुजबुजल्या. "असं सांगायचं नसतं, बाळा. ससा पळाला म्हणायचं."

"पण बाई, तुम्हीच म्हणता ना, खोटं बोलायचं नाही?"

बारा मुलं एका सुरात म्हणाली, "पिंपाच्या मागे!"

इकडे आड, तिकडे विहीर. पिंपामागं बघावं तर ससा सापडतो आणि नाटक पाचव्या मिनिटाला संपतं. न बघावं तर लांडगा ठोंब्या ठरतो. "पकडू नकोस!" ढोलीतून झाड फुसफुसलं. "पाऊण तास काढायचाय!" तेव्हा नटवर्य मुद्दाम उलट्या दिशेला गेले आणि गंजीत शोधू लागले.

"तिकडं नाही, इकडं!"

त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

"बिचारा बहिरा पण आहे," दात पडलेला मुलगा म्हणाला.

त्यांनी पिंपाकडे तोंड केलं, पण समोर काही दिसत नसल्यासारखे हात चाचपडत राहिले.

"डोळ्यांनी पण कमी दिसतं त्याला," मुलगी म्हणाली आणि तिचा आवाज कापला.

निस्तरायला जावं तितका गुंता वाढत होता. मुलांना आधी नुसता उपाशी लांडगा दिसला होता. नटवर्यांच्या अभिनयसामर्थ्यानं तो आता उपाशी, बहिरा आणि आंधळा झाला होता. त्यातून पोट अधूनमधून आपलं म्हणणं मांडतच होतं. पिंपामागं ससाबाई ओणव्या बसल्या होत्या. एरवी एव्हाना मुलांनी लांडग्याला पिटाळलं असतं आणि त्या टुणकन गंजीत गेल्या असत्या. आज त्यांना निघताच येईना, आणि इतका वेळ बसल्यानं गुडघे धरले.

"ससा लबाड आहे," कुणीतरी म्हणालं.

"लपून बसलाय! बाहेर ये! बाहेर ये!"

उभ्या आयुष्यात ससाबाईंना मुलांनी लबाड म्हटलं नव्हतं. त्यांचे कान आधी पिंपावर दिसले, मग पिंपाला धरधरून त्या स्वतः वर आल्या. "मी काय केलं गं तुमचं?" त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या. हे वाक्य नाटकात नव्हतं.

आता लांडगा आणि ससा समोरासमोर उभे होते, मध्ये हातभर अंतर. नटवर्यांनी कायद्यानं झडप घालायला हवी होती. ते नुसते उभे राहिले. आणि त्या घोळात मुलं रंगमंचावर चढू लागली.

सगळ्यात आधी ती मुलगी आली. तिच्या हातात स्वतःचा डबा होता. तिच्यामागं आणखी, त्यांच्यामागं आणखी. भीक नको पण कुत्रा आवर, असं झाडाला वाटलं असणार, ते आतून "बाई, मुलांना आवरा! बाई!" असं ओरडत होतं, पण झाडाचं कोण ऐकतं? मुलीनं सफरचंदाची फोड लांडग्याच्या रबरी दातांना लावली.

"घे ना. आ कर."

नटवर्यांनी आ करायचा प्रयत्न केला. जबडा हलला नाही.

"दुखतंय का? हळू कर. मी थांबते."

नटवर्य खाली बसले. कालपासून ते ताटावरून उठले होते, दारातून परतले होते, कॅन्टीनमधून हाकलले गेले होते, आणि साऱ्या जगात 'मी थांबते' म्हणणारी ही एकटी पोरगी निघाली होती. अठरा वर्षं ज्यांना घाबरवून पोट भरलं ती पोरं आपला डबा घेऊन आली होती. त्यांना रडू आलं. खरंखुरं, आवाज करणारं. पोटावरच्या माइकनं तेही इमानेइतबारे सगळीकडे पोचवलं.

एक मूल रडलं की शेजारचं रडतं. शंभर मुलांना वेळ लागत नाही. सभागृहात एकच आकांत सुरू झाला. शिक्षिका पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या. ससाबाईंना तर हुंदका आवरेना. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, "खा रे बाबा मला, एकदाचं खाऊन टाक!"

"नाही," नटवर्य हुंदक्यातून म्हणाले, "नको."

मालकांनी ढोलीतूनच पडदा टाकायची खूण केली. नाटक निम्म्यातही आलं नव्हतं.

"जा," मालक झाडातून बाहेर पडत म्हणाले. घामानं त्यांचा रंग ओघळला होता. "जा आता नळ विकायला. अरे, लांडगा तू! पोरांना रडवलंस ते रडवलंस, पण कुठल्या कारणानं?"

नटवर्य पाण्यानं जबडा सोडवत होते. टाय कुठल्या रंगाचा असेल, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात होता. तेवढ्यात दार उघडलं आणि निवड समितीच्या बाई आत आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"इतकी वर्षं मी मुलांची नाटकं बघतेय," त्या म्हणाल्या. "पण लांडग्याची बाजू मांडायचं धाडस कुणी केलं नव्हतं. तो पोटाचा आवाज! कुणाला सुचलं हे?"

मालकांनी क्षणभरच दम घेतला. "संकल्पना माझीच," ते म्हणाले.

"आम्ही तुमचं नाटक वर्षभराच्या दौऱ्यासाठी निवडतोय. फक्त एक. त्यातलं काहीही बदलायचं नाही. आवाज तर मुळीच नाही."

त्या संध्याकाळी नटवर्य ताठ मानेनं घरी गेले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "दादाला थांब म्हणून कळवते," ती म्हणाली. मग जरा वेळानं म्हणाली, "पण एक वेळ खाल्लं नाही तर इतकं काय होतं हो? काहीतरी तिखटमीठ लावून सांगता."

"दोन वेळा," नटवर्य म्हणाले. पण ती ताट वाढायला गेली होती. त्या रात्री तिनं आग्रह कर करून वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं. संसारात बऱ्याच वर्षांनी बरे दिवस आले होते, आणि पंचाईत झाली तीही त्यामुळेच.

दौऱ्याची तालीम सुरू झाली तेव्हा नटवर्यांचं पोट बोलेना. तृप्त होतं बिचारं. मालकांनी घरी फोन लावला. "वहिनी, प्रयोग आहे, त्याला जरा उपाशी ठेवा."

"माझ्या घरात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही," बायकोनं ठणकावलं आणि फोन ठेवला.

नटवर्य मग चोरून उपाशी राहू लागले. डबा भाच्याला द्यायचे. भुकेनं डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. पण माइक लावला, मालकांनी "हं, चालू दे" म्हटलं, की पोट नव्या नटासारखं बुजून गप्प. घरी बसमधून जाताना मात्र सगळ्या प्रवाशांसमोर ते मोकळेपणानं बोलायचं. नटवर्यांनी त्याला दटावलं, गोंजारलं, एकदा तर अंधारात बसून सफरचंदाची कल्पना केली. काही उपयोग झाला नाही.

"मामा," एक दिवस नटवर्यांच्या डब्यातला शेवटचा घास संपवत भाचा मालकांना म्हणाला, "माझ्याकडे महोत्सवाचं सगळं रेकॉर्डिंग आहे की."

त्यानं बटण दाबलं. चारही स्पीकरमधून तोच आवाज आला, तसाच खोल, तसाच कुरकुरत विरणारा. मालकांचा चेहरा उजळला. नटवर्यांनाही हायसं वाटलं. हे हायसं वाटणं त्यांना पुढं फार दिवस आठवत राहिलं.

दौरा निघायच्या आदल्या आठवड्यात मालकांनी त्यांना चहाला नेलं. मालक स्वतःहून चहाला नेतात तेव्हा काहीतरी घ्यायचं असतं, हे नटवर्यांना ठाऊक होतं. पण घेण्यासारखं आपल्यापाशी काय आहे, असंही त्यांना वाटलं.

"अरे, गाडीचं गणित बसेना," मालक बशीत बघत म्हणाले. "झाडच दोन सीट खातं. त्यात स्पीकर. बाईंना पाय लांब करायला लागतात. आता भाचा गाडी चालवणार म्हणजे तो येणारच. आणि त्यानं बघून बघून लांडगा पाठ केलाय. वाईट करत नाही."

"आणि मी?"

"तू आहेसच की. जाहिरातीत नाव टाकतोय तुझं. लांडगा, भाचा. पोटाचा आवाज, तू." मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या पोटाशिवाय हे नाटक होऊच शकत नाही."

टाय निळ्या रंगाचा होता. नटवर्य काउंटरमागं उभे राहू लागले. गिऱ्हाईक आलं की ते जुन्या सवयीनं आधी थोडे थांबत, मग बोलत. गिऱ्हाइकांना वाटे, माणूस विचार करून किंमत सांगतोय. मेहुणा खूश होता. बायको रोज दुपारी गरम डबा पाठवत होती. नटवर्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटण्यासारखं बोट दाखवून सांगता येईल असं काहीच नव्हतं. पगार वेळेवर होत होता.

दौरा फिरत फिरत पुन्हा त्याच नाट्यगृहात आला, तेव्हा मालकांनी दोन पास पाठवले. नटवर्यांनी ते गल्ल्याखाली सरकवून दिले. बायकोनं शोधून काढले. तिनं हे नाटक आजवर कधी पाहिलंच नव्हतं. घरचाच लांडगा, तो बघायला कशाला जायचं, म्हणायची. आता घरचा लांडगा त्यात नव्हता, तर तिला जावंसं वाटलं. तिनं दुपारचं जेवण लवकर उरकलं. नटवर्यांना दोनदा वाढलं, नको म्हणताना तिसऱ्यांदा वाढलं आणि त्यांना घेऊन गेली.

सहाव्या रांगेत, मुलांच्या मधोमध, दोघं बसले. पडदा उघडला. भाचा उडी मारून आला. गाल तुकतुकीत, अंगात जोर, दौऱ्यानं बाळसं धरलेलं. त्यानं मध्यभागी येऊन वास घेतला. शांतता झाली. आणि स्पीकरमधून आवाज आला.

बायकोनं नटवर्यांचा हात धरला. "हे काय?"

"मीच," नटवर्य कुजबुजले.

"त्या दिवशीचं?"

"हो."

दुसरा आवाज आला, लांबलचक, गयावया करणारा. बायको ऐकत राहिली. त्या सकाळी टेबलावर राहिलेला डबा तिनं दुपारी उघडून स्वतःच खाल्ला होता, आणि वर मनात म्हणाली होती, बघू किती टिकतोय रुसवा. तिनं तोंडावर हात धरला. "इतकी?" ती म्हणाली. "इतकी भूक लागली होती?"

तेवढ्यात रंगमंचावरून भाचा गरजला, "सांगा! ससा कुठाय?"

ही मुलं चलाख होती. ताज्यातवान्या लांडग्याकडे बघून कुणालाही त्याच्या पोटाची कीव आली नाही. उलट तो आवाज ऐकून ती खिदळली आणि सगळी एका सुरात ओरडली, "पळाला! तिकडं पळाला!"

"खोटं!" सहाव्या रांगेत बायको ताडकन उभी राहिली. तिचा आवाज कसल्याही माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "पिंपाच्या मागे आहे! मला कान दिसतायत! पिंपाच्या मागे!"

सगळी मुलं मागं वळली. भाचा होता त्या पोझमध्येच थिजला. पिंपामागचे कान खाली गेले.

"अहो ताई, खाली बसा," पुढच्या रांगेतल्या एका शिक्षिका वळून म्हणाल्या. "असं सांगायचं नसतं. मुलांचं नाटक आहे."

"का नाही सांगायचं? उपाशी आहे तो!" बायकोच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "कालपासून पोटात अन्नाचा कण नाही त्याच्या!"

"कुणाच्या?"

"माझ्या नवऱ्याच्या," ती म्हणाली आणि तिनं भिंतीवरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं.

शिक्षिकांनी स्पीकरकडे पाहिलं. मग तिनं ज्याचा हात घट्ट धरून ठेवला होता, त्या निळ्या टायमधल्या गृहस्थाकडे पाहिलं. नटवर्यांनी मान खाली घातली. त्यांनी तीनदा वाढून घेतलं होतं, आणि तसं सांगायची त्यांना लाज वाटली.